सान मार्झानो टोमॅटो: फुलं गळतात, बूड काळं पडतं, ऑक्टोबर आला तरी हिरवेच. काय काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

सिअ‍ॅटलच्या आजूबाजूला, म्हणजे बॉथेल, रेडमंड, इसाक्वा, रेंटन या पट्ट्यात ज्यांनी हौसेने घरामागे सान मार्झानो लावलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. आपल्या लोकांच्या बागांमध्ये हाच एक बिघाड मी इतक्या वेळा बघितलाय आणि सरळ केलाय की दर ऑगस्टमध्ये तेच उत्तर प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. पोर्टलंड, व्हँकुव्हर, आयर्लंड, स्कॉटलंड, जिथे जिथे उन्हाळ्यातही रात्री गार असतात तिथे सगळीकडे हे लागू पडेल, तारखा तेवढ्या आपापल्या गावच्या धरा.

आधी लक्षणं. झाड नक्की काय करतंय ते शांतपणे बघा कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

- फुलं येतात पण फळ धरत नाही. देठावर मध्यभागी एक छोटी गाठ असते, ती पिवळी पडते आणि फूल बरोबर तिथून तुटून खाली येतं. आपल्याकडे शेतकरी याला फुलगळ म्हणतात.
- फळ धरतं, अंगठ्याएवढं होतं आणि मग खालचं टोक, म्हणजे देठाच्या विरुद्ध बाजूचं बूड, आधी पाणचट आणि मग काळं, चामड्यासारखं, आत दबलेलं होतं. वास नाही, चिकटपणा नाही. बहुतेक वेळा पहिल्या घोसातली फळं जातात.
- फळं पूर्ण मोठी झालीत, भरपूर आहेत, पण सप्टेंबर संपला तरी हिरवीगार.
- झाड सहा फूट, पानं गडद हिरवी, खोड जाड, बघणारा वा वा करतो, पण फूलच नाही.
- पानांवर तेलकट तपकिरी डाग, सकाळी पान उलटं केलं की डागाच्या कडेला पांढरी लव. हे असेल तर मधलं काही वाचू नका, सरळ शेवटी करप्यावर लिहिलंय तिथे जा, आजच जा.

आता मुद्द्याची गोष्ट. यातलं पहिलं, दुसरं, तिसरं काहीही झालं की लोक आधी खताची बाटली उचलतात, मग कॅल्शियमचा स्प्रे, मग अंड्याची टरफलं, मग एप्सम सॉल्ट. मी बघितलेल्या बागांमध्ये दोष बहुतेक वेळा उबेत नाहीतर पाण्यात निघालाय, खतात फार क्वचित. म्हणून खालचा क्रम असाच ठेवलाय, फुकटचं आणि सोपं आधी, खत आणि माती बरंच नंतर.

सगळ्यात आधी पाकिटावरचा आकडा बघा. रोप आणलं असेल तर त्याच्यासोबतची पट्टी. सान मार्झानोवर साधारण ८० दिवस लिहिलेलं असतं आणि ते ८० दिवस बी पेरल्यापासूनचे नसतात, रोप बाहेर लावल्यापासूनचे असतात, आणि तेही हवा टोमॅटोला मानवणारी असेल तर. हा टोमॅटो मूळचा इटलीतल्या कंपानियाचा, व्हेसुव्हिअसजवळच्या मैदानातला, १९९६ पासून त्याला युरोपचं डीओपी संरक्षण आहे (म्हणजे हे नाव त्या प्रदेशातल्या फळालाच लावता येतं), तिथला उन्हाळा आणि आपला उन्हाळा यात फरक रात्रीचा आहे, आपल्याकडे रात्री झाड जवळपास थांबतं. त्यामुळे ८० चे इथे १०० सहज होतात. आता तुम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रोप लावलं असेल तर बोटावर मोजा, सप्टेंबरची वीस तारीख येते, आणि ती पहिल्या पिकलेल्या फळाची तारीख झाली, सॉस करण्याइतकी टोपली भरण्याची नाही. दंव आपल्याकडे खूप उशिरा पडतं हे खरं, पण टोमॅटोचा सीझन दंवाने संपत नाही, सप्टेंबरअखेर पाऊस परत आला की संपतो.

हे गणितच जमत नसेल तर झाडात बिघाड काहीच नाही, जात बदलायची आहे. प्रिंचिपे बोर्गेसे ही इटलीत वाळवणासाठी वापरली जाणारी छोटी जात आपल्याकडे बरीच लवकर येते. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत जेम्स बॅगेट यांनी खास या गार पट्ट्यासाठी जाती काढल्या, त्यातली ओरेगन स्टार ही सॉसची आहे आणि तिचं वैशिष्ट्य असं की परागीभवन नीट झालं नाही तरी ती फळ धरते, बिया कमी असतात इतकंच. सान मार्झानोच हवा असा हट्ट असेल तर तोही मला मान्य आहे, चव खरंच वेगळी लागते, पण मग रोप मेच्या मध्याला बाहेर आणि पुढे सांगितलेली ऊब, दोन्ही पाहिजे. आणि झाडं दोनच सान मार्झानोची लावा, बाकी लवकरची.

दुसरी गोष्ट रात्रीचं तापमान. फोनवर दिसतं ते बघू नका, ते एअरपोर्टचं नाहीतर कुठल्यातरी स्टेशनचं असतं, तुमचं अंगण उतारावर खाली असेल तर गार हवा तिथे येऊन साचते आणि दोन-तीन डिग्रीचा फरक आरामात पडतो. किमान-कमाल दाखवणारा साधा थर्मामीटर हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो, तो झाडाच्या उंचीवर, सावलीत अडकवा आणि आठवडाभर रोज सकाळी किमान आकडा लिहा. रात्री सलग १३ डिग्री सेल्सिअसच्या खाली जात असेल तर पराग नीट तयारच होत नाही, फूल दिसायला छान असतं पण आतून वांझ, आणि मग ते त्या गाठीपाशी गळतं. आपल्याकडे जूनमध्ये रात्री ११ ते १३ च्या आसपास असतात म्हणजे जूनमधली फुलगळ ही जवळपास ठरलेली आहे, त्यासाठी झाडाला शिक्षा नको. जुलैच्या मध्यापासून आपोआप फळ धरायला लागतं.

इथे गंमत बघा, नारायणगावकडे टोमॅटो करणाऱ्यांना नेमका उलटा त्रास असतो, एप्रिल-मेमध्ये दिवसाचं ऊन चढलं की फुलं गळतात. कारण पराग ३२-३५ च्या वरही मरतो. माझे सासरे जुन्नरचे, इथे आले की बागेत पहिलं वाक्य सावलीबद्दल असायचं, मग त्यांनी एका सकाळी हात पानाखाली घातला आणि म्हणाले, "अगं, इथं झाडाला पांघरूण पाहिजे, सावली कसली देतेस?" बरोबर तेच. पांढरं पातळ फ्रॉस्ट क्लॉथ मिळतं ते जूनभर संध्याकाळी सहाला टाकायचं आणि सकाळी नऊला काढायचं. कुंड्या असतील तर त्या घराच्या दक्षिण नाहीतर पश्चिम भिंतीला, काँक्रीटवर ठेवा, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब परत देते. नुसती कुंडी सरकवून फुलगळ थांबलेली मी कितीतरी घरी बघितलीय.

तापमान मोजताय तर मातीचंही मोजा, किचनमधला मांसाचा नाहीतर दुधाचा थर्मामीटर चालतो. सकाळी आठच्या सुमाराला चार-पाच इंच खोल खुपसायचा. १५ डिग्रीच्या खाली असेल तर मुळं फॉस्फरस उचलत नाहीत, पानांची खालची बाजू जांभळी दिसते आणि लोक फॉस्फरसचं खत घालतात, जे मातीत आधीच पडून असतं. हे खतावर पैसे घालवण्याचं फार मोठं कारण आहे. उपाय म्हणजे काळा मल्चिंग पेपर, आपल्याकडे शेतात अंथरतात तोच, इथे त्याचं काम तण थांबवण्यापेक्षा माती तापवण्याचं जास्त आहे. लावणीच्या दोन आठवडे आधी अंथरा.

तिसरं ऊन, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. "आमच्याकडे भरपूर ऊन आहे" असं सगळे सांगतात आणि जूनमध्ये ते खरंच असतं. पण आपण ४७ अंश अक्षांशावर आहोत. २१ जूनला दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ६६ अंशांवर असतो, सहा फुटी कुंपणाची सावली जेमतेम पावणेतीन फूट पडते. २२ सप्टेंबरला सूर्य ४२ अंशांवर येतो आणि त्याच कुंपणाची दुपारची सावली साडेसहा फुटांच्या वर जाते. ऑक्टोबरच्या मध्याला जवळजवळ नऊ फूट. म्हणजे जूनमध्ये दक्षिणेकडच्या कुंपणापासून चार फुटांवर जे झाड उन्हात होतं, ते ऐन फळ पिकायच्या वेळी, सप्टेंबरअखेर, बुडापासून दोन फुटांच्या वर सावलीत गेलेलं असतं. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे जाणवतच नाही कारण तिथे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि कुंपणाच्या सावलीचा कोणी विचार करत नाही. त्यात शेजारच्याचा डग्लस फर किंवा सीडर साठ-सत्तर फूट उभा असेल तर विचारूच नका.

तपासायचं असं: सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला वाफ्याचा एक फोटो, संध्याकाळी सहापर्यंत. ज्या फोटोत झाडाच्या निम्म्या भागावर ऊन आहे तो एक तास. सहाच्या खाली आले तर सान मार्झानो तिथे होणार नाही, आठ असतील तर उत्तम. हे एकदा जुलैत आणि एकदा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा. कमी ऊन मिळणारा वाफा वाया जात नाही, तिथे काव्होलो नेरो लावा, तो काळपट लांब पानांचा इटालियन केल, त्याला गारवाच हवा असतो आणि थंडी खाल्ल्यावर गोड होतो. रॅडिकिओही तसाच, जुलैत बी टाका, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गड्डा बांधतो. फेनेलची गड्डी करायची असेल तर जून संपता संपता थेट जागेवर बी टाका, लवकर लावली तर मोठ्या दिवसांमुळे तिला तुरा येतो आणि गड्डी बसत नाही.

चौथं पाणी. बूड काळं पडलं असेल तर ऐंशी टक्के मजकूर या परिच्छेदात आहे असं समजा.

ते काळं बूड हा रोग नाही, बुरशी नाही, कीड नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलेलं नसतं. आणि कॅल्शियम मातीत नाही म्हणून पोचत नाही असं बहुतेक वेळा नसतं, ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर मुळाकडून वर जातं आणि हा प्रवाह जिथून पाणी उडतं तिकडे धावतो, म्हणजे पानांकडे. फळातून पाणी फारसं उडत नाही म्हणून त्याचा नंबर शेवटी, आणि फळाच्या टोकाचा त्याच्याही शेवटी. सान मार्झानोसारखं लांबट फळ असलं की टोक आणखी लांब. मधेच दोन दिवस माती सुकली की त्या काळात वाढणाऱ्या टोकाला मिळायचं ते मिळत नाही, पेशी मरतात, आणि काळेपणा आपल्याला दहा-बारा दिवसांनी दिसतो. तोपर्यंत आपण पुन्हा पाणी घातलेलं असतं म्हणून "पाणी तर बरोबर चाललंय" असं वाटतं.

एकदा पानात गेलेलं कॅल्शियम तिथून फळाकडे वळत नाही, म्हणून पानांवर मारलेला कॅल्शियमचा स्प्रे फळाच्या टोकाला उपयोगी पडत नाही. अंड्याची टरफलं मातीत विरघळायला वर्षं लागतात. एप्सम सॉल्ट तर अजिबात घालू नका, ते मॅग्नेशियम आहे आणि मुळाशी ते कॅल्शियमशी स्पर्धा करतं, काळी बुडं वाढतात. हे मी आग्रहाने सांगतेय कारण इंटरनेटवर उलटं सांगणारे भरपूर आहेत आणि लोक चांगली झाडं बिघडवतात.

तर तपासणी. झाडाच्या बुंध्यापासून एक वीत लांब, तर्जनी पूर्ण खाली घाला. वरचा अर्धा इंच ओला आणि बोटाचं दुसरं पेर खाली गेलं की कोरडी, गरम, भुसभुशीत माती लागली तर झालं निदान. रोज संध्याकाळी पाइपने दोन मिनिटं शिंपडणाऱ्यांच्या वाफ्यात हेच निघतं, वरून काळी ओली दिसते, खाली पाणी पोचतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस जवळपास नसतो हे नवीन आलेल्यांना खरं वाटत नाही, सिअ‍ॅटल म्हणजे पाऊस असं डोक्यात बसलेलं असतं, पण हे दोन महिने कोरडेच. सासरे फोनवर विचारायचे ते मला आजही पुरतं, "पाणी किती देतेस ते नको सांगू, वाफसा आहे का ते सांग." मूठभर खालची माती घ्या, दाबा, गोळा व्हायला पाहिजे आणि बोटाने टोचलं की फुटायला पाहिजे. गोळाच होत नाही तर कोरडी, बोटाला चिखल लागतो तर जास्त.

वाफ्यात आठवड्यातून दोन-तीनदा, पण भरपूर, आठ-दहा इंच खोल जाईल इतकं. साधी ठिबकची नळी आणि टायमर लावला तर सुट्टीवर गेल्यावरही फरक पडत नाही आणि पानं कोरडी राहतात, याचा उपयोग करपा टाळायला पण होतो. कुंडी पाच गॅलनची असेल तर गरम दिवशी तिला रोज लागतं, कधी दोनदा, आणि खरं सांगायचं तर सान मार्झानोला पाच गॅलन कमीच, दहाच्या वरची घ्या. पेंढ्याचं आच्छादन घाला पण जून संपल्यावर, माती तापल्यावर, आधी घातलं तर गार माती गारच राहते. काळी झालेली फळं काढून टाका, ती सुधारणार नाहीत आणि झाड उगाच त्यांच्यावर खर्च करतं. (काळा भाग कापून बाकीचं चटणीला चालतं, फळ मऊ किंवा बुरसटलेलं नसेल तर.) पाणी नीट केल्यावर दोन आठवड्यांनी धरलेल्या फळांवर निकाल बघा, आधीच्यांवर नाही.

पाचवं, परागीभवन. रात्री उबदार, ऊन भरपूर, तरी फुलं गळतायत तर हे. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं पण पराग नळीसारख्या कोषात बंद असतो, फूल थरथरलं की मिठासारखा खाली सांडतो. वारा ते करतो, गुबगुबीत बंबलबी करते, मधमाशीला ते जमत नाही. कुंपणाच्या कोपऱ्यात, पॅटिओच्या छपराखाली किंवा प्लास्टिकच्या टनेलमध्ये वारा नसतो. बघायचं कसं तर अकरा-बाराच्या सुमाराला, हवा कोरडी असताना, पूर्ण उमललेल्या, पाकळ्या मागे वळलेल्या फुलाखाली फोनचा बंद काळा स्क्रीन धरा आणि जुना इलेक्ट्रिक टूथब्रश फुलामागच्या देठाला दोन सेकंद लावा. स्क्रीनवर पिवळसर भुकटीची बारीक रांग उठली तर पराग आहे, फक्त हलवणारं कोणी नाही, मग दोन दिवसाआड हेच करत राहा, आठवड्यात फुलामागे हिरवी टाचणी दिसेल. काहीच पडलं नाही तर एकतर रात्री गार आहेत किंवा हवा दमट आहे आणि पराग चिकटून बसलाय, टनेल असेल तर सकाळी दोन्ही तोंडं उघडा.

झाड नुसतंच माजलंय, फूल नाही, यासाठी सहावी तपासणी: तुम्ही किंवा तुमच्या लॉनवाल्याने नायट्रोजन किती टाकला. लॉनच्या खताच्या पिशवीवरचा पहिला आकडा, म्हणजे नायट्रोजनचा, मोठा असतो, ते उडून वाफ्यात येतं. ताज्या कोंबडीखतानेही हेच होतं. खत बंद करा, बगलफूट (पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारे कोंब) काढा, एक नाहीतर दोन मुख्य फांद्या ठेवा, बास. त्यावर फुलं येण्यासाठी वेगळं खत घालायला जाऊ नका.

हिरवीच राहिलेल्या फळांचं आता. फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत आपल्या हवेत आठ आठवडे धरा. म्हणजे १५ ऑगस्टनंतर उमललेल्या फुलाचं फळ ऑक्टोबरच्या मध्याला पिकायचं, तेव्हा ऊन कुठलं? म्हणून १५ ऑगस्टच्या आसपास प्रत्येक फांदीचा शेंडा खुडा, वरच्या घोसावर दोन पानं ठेवून, आणि नवीन फुलं काढत राहा. हे फुकट आहे, पाच मिनिटांचं आहे आणि कोणाच्याच हाताला धीर होत नाही, फूल तोडायचं म्हणजे जिवावर येतं. पण तोडा. पानं मात्र सरसकट ओरबाडू नका, फळाला ऊन लागून ते पिकत नाही, उबेने पिकतं आणि गोडवा पानांतून येतो, खालची पिवळी आणि मातीला टेकणारी तेवढी काढा.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जे आहे ते घरात आणा. एक फळ मधोमध कापून बघा, सुरी बियांवरून घसरली आणि बियांभोवती जेली झालेली असेल तर त्या घोसातली बाकीची घरात पिकतील. बिया सुरीने कापल्या गेल्या तर फळ कोवळं, ते पिकणार नाही, त्याची शेंगदाणे-तीळ-हिरवी मिरची घालून हिरव्या टोमॅटोची चटणी करा, ती बाकी फर्स्टक्लास होते. पिकणारी पुठ्ठ्याच्या खोक्यात एका थरात, १८ ते २१ डिग्रीला, सोबत एक केळं. खिडकीतलं ऊन लागत नाही. गराजमध्ये ठेवू नका आणि फ्रिजमध्ये तर नाहीच, १० डिग्रीच्या खाली फळाची पिकण्याची क्षमताच जाते, मग नंतर कितीही उबेत ठेवा, फिक्कट आणि पिठूळ. सॉस करून बाटल्यांमध्ये भरून वर्षभर ठेवणार असाल तर पाइंटला एक टेबलस्पून, क्वार्टला दोन टेबलस्पून बाटलीतला लिंबूरस घालायचाच, टोमॅटोचा आंबटपणा भरवशाचा नसतो आणि हा जिवाचा प्रश्न आहे.

इथपर्यंत सगळं केलं आणि तरीही पुढच्या वर्षी तेच झालं तर माती. पश्चिम वॉशिंग्टनची माती हिवाळ्याच्या पावसाने धुपून आंबट होते, कॅल्शियमही वाहून जातं. टोमॅटोला सामू (पीएच) ६.२ ते ६.८ बरा. पण चुना अंदाजाने टाकू नका, जास्त झाला तर लोह आणि मँगनीज अडकतं आणि ते निस्तरायला वर्षं जातात. लॅबला पाठवा. किंग काउंटीत राहणाऱ्या बऱ्याच जणांना किंग कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टकडून माती तपासणी मोफत मिळते, तुमचा पत्ता त्यात बसतो का बघा. चुना लागला तर ऑक्टोबरमध्ये घाला म्हणजे लावणीपर्यंत काम करेल.

आणि सगळ्यात शेवटचा, खर्चाचा आणि मेहनतीचा उपाय म्हणजे टनेल. पीव्हीसीच्या पाइपच्या कमानी, वर ग्रीनहाऊसचं प्लास्टिक, दोन्ही बाजूंनी उघडणारं. मेमध्ये ऊब मिळते आणि सप्टेंबरमध्ये पानं पावसापासून कोरडी राहतात, हा दुसरा फायदा माझ्या मते मोठा. पण दिवसा घरी कोणी नसेल तर विचार करून घ्या, बंद टनेल ऊन आलं की तासाभरात चाळिशी गाठतं आणि मग फुलगळ गारव्याऐवजी उन्हाने. हे करायच्या आधी वरचं सगळं झालेलं पाहिजे.

इथली इटालियन शेती ही आजची हौस नाही हेही सांगते. सिअ‍ॅटलच्या वेजवूडमध्ये पिकार्डो नावाच्या इटालियन कुटुंबाचा भाजीपाल्याचा मळा होता, त्याच जमिनीवर शहराची सामुदायिक बाग सुरू झाली आणि १९७३ पासून शहरभर जो पी-पॅचचा कार्यक्रम चालतो त्यातला पी हा पिकार्डोचा. तुमच्या जवळ पी-पॅच असेल तर शनिवारी सकाळी एक चक्कर मारा, तिथे वर्षानुवर्षं करणारे लोक भेटतात आणि तुमच्याच गल्लीच्या हवेतली कुठली जात येते ते दाखवतात.

आता कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं.

उशिरा येणारा करपा. तेलकट तपकिरी डाग, पानाखाली पांढरी लव, खोडावर चॉकलेटी पट्टे, हिरव्या फळावर कडक तपकिरी डाग. १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा ज्याने संपवला तोच हा, गार ओल्या हवेत आठवडाभरात झाड जातं आणि त्याचे बीजाणू वाऱ्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोचतात. दिसल्यावर फवारून झाड वाचत नाही. दुपारी, पानं कोरडी असताना झाड काढा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून कचऱ्यात, घरच्या कंपोस्टमध्ये नाही. डाग असलेली फळं बाटलीबंद करू नका. बटाटे लावलेले असतील तर तेही तपासा. खात्री नसेल तर काढायच्या आधी त्याच दिवशी फोटो मास्टर गार्डनरच्या क्लिनिकला पाठवा. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचा हा कार्यक्रम १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथेच सुरू झाला, शिकवून तयार केलेले स्वयंसेवक असतात आणि सल्ला फुकट.

नवीन पानं वळलेली, नेच्यासारखी बारीक, खोड पीळ पडलेलं. हे टोमॅटोवरच्या विषाणूनेही होतं पण लॉनचं तणनाशक उडाल्याने किंवा तणनाशक लागलेल्या गवताच्या खतातूनही होतं. काही तणनाशकं घोड्याच्या पोटातून आणि कंपोस्टमधूनही शाबूत बाहेर येतात, २००० च्या सुमाराला याच राज्यात स्पोकॅनच्या कंपोस्टमध्ये क्लोपिरॅलिड नावाचं असंच तणनाशक सापडून बराच गोंधळ झाला होता. संशयाच्या मातीत आणि चांगल्या मातीत, दोन कुंड्यांमध्ये, घेवड्याचं बी लावून तीन आठवडे तुलना करा. संशयाच्या कुंडीतलीच पानं वाकडी आली तर पुढे स्वतः काही करू नका, खत विकणाऱ्याला आणि एक्स्टेन्शन ऑफिसला (विद्यापीठाच्या शेती-बाग सल्ला कार्यालयाला) कळवा, ती माती दुसऱ्या वाफ्यात हलवू नका.

टकोमा, व्हॅशॉन, डे मॉइन, बुरिएन या बाजूला राहत असाल तर माती हलवण्याच्या आधीच थांबा. टकोमाजवळ रस्टनला जो धातू वितळवण्याचा कारखाना होता, १९८० च्या दशकात बंद झाला, त्याच्या धुराड्यातून आर्सेनिक आणि शिसं हजार चौरस मैलांच्या वर पसरलंय. राज्याच्या इकॉलॉजी विभागाचा नकाशा आहे, त्यात पत्ता टाकून बघा, आणि तुमचा भाग आला तर शिसं आणि आर्सेनिकची वेगळी लॅब तपासणी करून घ्या, साध्या माती परीक्षणात ते येत नाही. निकाल येईपर्यंत उंच वाफ्यात विकतची माती घालून लावा आणि लहान मुलांना त्या मातीत खेळू देऊ नका.

ऊन अडवणारं मोठं झाड तुमचं असलं तरी शिडी लावून फांदी कापायला जाऊ नका, सर्टिफाइड आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांच्या प्रमाणित तज्ज्ञाला, बोलवा. शहराची परवानगी लागते का ते त्यांना माहीत असतं, आणि नवऱ्याने, भावाने मिळून करतो म्हटलं तरी नाही म्हणा.

क्लिनिकला फोटो पाठवताना नुसता काळ्या फळाचा पाठवू नका. पूर्ण झाड, पानाची वरची आणि खालची बाजू, आणि सोबत चार ओळी: जात कुठली, कधी लावलं, पाणी कसं आणि किती दिवसांनी देता, गेल्या महिन्यात काय काय घातलं. वर सांगितलेला किमान तापमानाचा आठवडा लिहून ठेवला असेल तर तोही जोडा, त्यावरून बऱ्याचदा पहिल्याच फोनमध्ये उत्तर मिळतं.